सुताराच्या हातात काय द्यायचं? (निवेदन)

[स्क्रीन काळी. फक्त आवाज.]

आधी हा आवाज ऐका. रंधा आहे, साधा हाताने मारायचा रंधा. ठाण्यात आता तो क्वचितच कानावर पडतो, सगळीकडे कटर मशीनचं घर्रर्र चालू असतं. शूटच्या दिवशी मिस्त्रींना मशीन बंद करायला सांगितलं तर ते हसले आणि म्हणाले, मग काम करू का तुमच्यासाठी नुसता रंधा फिरवू. शेवटी दोन्ही केलं त्यांनी.

[वर्कशॉप, वागळे इस्टेट. प्लायच्या थप्प्या. मधल्या टेबलावर मूर्ती, गमछ्यावर आडवी.]

ही संत जोसेफची मूर्ती. बायबलमधला योसेफ, मरियेचा नवरा, येशूला वाढवणारा सुतार. सागवानी आहे, दीड फुटाच्या आसपास, किती जुनी ते घरच्यांनाही नक्की माहीत नाही. मूर्ती ज्यांच्या घरची त्या आंटी, त्यांच्या सासूबाईंच्या आधीपासून घरच्या वेदीवर आहे एवढंच. उजवा हात मनगटातून तुटलेला, पायाशी वाळवी, आणि तोंडावर रंगाचे इतके थर की डोळे अर्धे मिटल्यासारखे दिसतात.

ती इथे कशी आली ते सांगतो. 8 डिसेंबर 2020 ला पोप फ्रान्सिस यांनी संत जोसेफचं वर्ष जाहीर केलं, ते 8 डिसेंबर 2021 पर्यंत. त्याच्या बरोब्बर 150 वर्षं आधी, 8 डिसेंबर 1870 ला, पोप नववे पायस यांनी जोसेफला सगळ्या चर्चचा पालक संत ठरवलं होतं, त्याची ही आठवण. सोबत पत्रही निघालं, पात्रिस कोर्दे, म्हणजे पित्याच्या हृदयाने. त्यात दुकानदार, नर्स, सफाईवाले, गाड्या चालवणारे अशा माणसांची आठवण आहे जी कधी पेपरात येत नाहीत पण कोविडमध्ये ज्यांच्यावर सगळं चाललं होतं. जोसेफ त्यांच्यातलाच. पूर्ण शुभवर्तमानात, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या कथेत, त्याच्या तोंडी एक शब्द नाही. स्वप्न पडतं, उठतो, सांगितलेलं काम करतो. शुभवर्तमान लिहिणाऱ्या मत्तयाने अशी चार स्वप्नं सांगितलीत.

तर वर्ष लागल्यावर आमच्या गल्लीत ठरलं की ही मूर्ती घरोघर फिरवायची, एका घरी एक आठवडा, रोज संध्याकाळी जपमाळ आणि लदीन, म्हणजे एकेक विनवणी म्हणत जायची प्रार्थना, बुधवारी जरा मोठी प्रार्थना कारण बुधवार जोसेफचा. पण तुटक्या हाताची मूर्ती कशी फिरवणार? म्हणून आधी दुरुस्ती.

[तलावपाळी. मासुंदा तलाव, मागे चर्चची भिंत.]

हा एक शॉट चांगला आलाय म्हणून ठेवला. तळ्याकाठचं हे सेंट जॉन द बॅप्टिस्ट, जुनं चर्च, फ्रान्सिस्कन संन्याशांच्या काळातलं. त्याच वर्षी अजून एक गोष्ट होती, 1321 साली टॉलेंटिनोचे थॉमस हे फ्रान्सिस्कन संन्यासी आणि त्यांचे तीन साथीदार ठाण्यात मारले गेले त्याला 700 वर्षं झाली. तो वेगळाच विषय आहे, आणि खरं सांगायचं तर आमच्याकडे त्याचं फुटेज नाही. परत वर्कशॉपमध्ये जाऊ.

[मिस्त्रींचे हात. जवळून.]

मिस्त्री कोकणातले. वागळे इस्टेट ही एमआयडीसीची पहिली वसाहत, इथल्या कंपन्या चालू होत्या तेव्हा त्यांचे वडील मालाच्या लाकडी पेट्या बनवायचे. आता कंपन्यांच्या जागी काचेच्या बिल्डिंगी आणि मिस्त्री टॉवरवाल्यांची किचन करतात. मूर्तीचं काम विचारलं तर पहिलं वाक्य हेच, आम्ही आता प्लायवूडवाले, सुतार कुठले.

पण हातात घेतली आणि मग सोडेनात.

आधी रंग. थिनर नाही लावलं, म्हणाले लाकूड पिईल. काचेचा तुकडा घेतला आणि नुसता खरवडत बसले, सुपारी कातरावी तसं बारीक बारीक. वरचा निळा गेला, खाली चॉकलेटी, त्याच्या खाली पिवळा, आणि सगळ्यात आत कसला रंगच नाही, नुसतं लाकूड, तेल पाजलेलं. दीड दिवस गेला यात. आम्ही सगळं शूट केलंय, तुम्हाला चाळीस सेकंद दाखवतोय.

[खरवडलेला चेहरा. डोळे उघडे.]

इथे काही बोलत नाही, बघा.

मग वाळवीची भोकं. बाजारची लांबी, म्हणजे पुट्टी, नाही भरली. त्याच सागाचा भुसा चाळून सरसात मळला आणि सुईने आत ढकलला. का, तर लांबी वेगळी सुकते, वेगळी फुगते, पावसाळ्यात बाहेर येते. स्वतःचा भुसा असला की लाकूड त्याला परकं मानत नाही. हे त्यांचं वाक्य, माझं नाही.

आणि मग हात. शिवणीच्या लाकडाचा तुकडा घेतला, पटाशीने कोरला, बोटं चारदा मोडली. पाचव्यांदा जमला, आणि त्यांनी विचारलं, हातात काय होतं?

आम्ही म्हटलं लिली. जुनी कथा आहे ना, जोसेफच्या काठीला फुलं आली, म्हणून बहुतेक मूर्त्यांत हातात लिलीची काठी असते. आमच्याकडे लिली कुठली, आंटी दर बुधवारी निशिगंधाची कांडी टेकवून ठेवायच्या.

मिस्त्री म्हणाले, "सुताराच्या हातात फूल कशाला? गुण्या द्या की."

[गुण्या, सुताराचं काटकोन बघायचं हत्यार. त्यावर धूळ.]

यावर गल्लीत आठवडाभर व्हॉट्सअ‍ॅपवर भांडण. कोणी म्हणे परंपरा आहे, कोणी म्हणे मिस्त्री हिंदू, त्याला काय कळतं. माझं मत लपवत नाही, मी गुण्याच्या बाजूने होतो. येशूला गावात काय म्हणून ओळखायचे? सुताराचा मुलगा. ग्रीकमधला शब्द आहे तेक्तोन, लाकूड-दगडात काम करणारा कारागीर. आणि गुण्या घेतलेला जोसेफ हे काही नवीन फॅड नाही, कामगार जोसेफच्या चित्रांत तो असतोच. 1 मे हा कामगार जोसेफचा सण, 1955 साली पोप बारावे पायस यांनी तो दिला. आपल्याकडे त्याच दिवशी महाराष्ट्र दिन, कामगार दिन, तीन सुट्ट्या एकात. आपण दरवर्षी लिली, गोरापान म्हातारा, गुलाबी गाल असलं काहीतरी आणतो आणि ज्याच्या हातांना घट्टे होते तो माणूस विसरतो. असो. फादरना विचारलं, ते म्हणाले दोन्ही चालतं. गुण्या ठरला.

[मूर्तीची बैठक उलटी. पटाशीने पाटी उचकटताना.]

आता हा शॉट. खालची पाटी बदलायची होती. मिस्त्रींनी बोटाने ठोकलं तर आवाज पोकळ. उचकटली तर आत चिठ्ठ्या. घड्या घातलेल्या, काही वाळवीने जाळी केलेल्या. पोप फ्रान्सिस झोपलेल्या जोसेफच्या मूर्तीखाली अडचणी लिहून ठेवायचे, 2015 मध्ये मनिलात त्यांनीच सांगितलं होतं. आमच्याकडे हे त्याच्या कितीतरी आधी कुणीतरी करत होतं. आम्ही त्या वाचल्या नाहीत. कॅमेऱ्यात एकीचा कोपरा आलाय, तिथे एकच शब्द दिसतो.

[चिठ्ठीचा कोपरा: परमनंट.]

[सण. टेबल, ताटं.]

मूर्ती जोसेफच्या मोठ्या सणाला घरी आली. 19 मार्च 2021, शुक्रवार, तोही ईस्टरआधीच्या उपवासकाळातला, पण मोठा सण पडला की त्या शुक्रवारी मटणाला मनाई नसते. आंटींना हा नियम तोंडपाठ. मटणातल्या बॉटल मसाल्याचा, आमच्या घरगुती मसाल्याचा, वास व्हिडिओत येत नाही ही व्हिडिओची कमतरता.

नंतर एप्रिलमध्ये कोविडमुळे देवळं, चर्च परत बंद झाली, ऑक्टोबरला उघडली. 1 मेला जोसेफच्या लदीनमध्ये सात नव्या विनवण्या वाढवल्या गेल्या, त्यातली एक अडचणीतला आधार, ती आम्ही मोबाईलवरच म्हटली. मूर्ती तीनच घरं फिरली. गल्लीतली चार माणसं त्या काळात गेली, मिस्त्रींचे दोन पोरगे कामावरून सुटले.

[रिकामी गल्ली. दारावर वाळलेला निशिगंध.]

[8 डिसेंबर 2021. वेदी, मेणबत्त्या.]

वर्ष संपलं तो दिवस बुधवारच होता. हातात गुण्या आहे, आणि त्याला दोऱ्याने निशिगंध बांधलाय. कोणी बांधला विचारू नका, आंटी फ्रेमच्या बाहेर उभ्या आहेत.

चिठ्ठ्या होत्या तशा परत आत ठेवल्या. मिस्त्रींनी साडेआठशे रुपये घेतले. पाटीला या वेळी खिळे नाही, चार स्क्रू मारलेत. म्हणाले, उघडायला लागेल ना परत.

[स्क्रू. स्क्रीन काळी.]