नदी घड्याळ बघून ओलांडायची

मित्रहो, ‘दुर्गम नदीखोऱ्यांतली पायवाट’ हा विषय मला दिलाय. बूट, सॅक, तंबू यांवर सांगणारे पुष्कळ आहेत. मला एकच गोष्ट सांगायचीय. नदी कुठून ओलांडायची हे सगळे विचारतात, किती वाजता ओलांडायची हे कुणी विचारत नाही.

आधी एक प्रश्न. एका जागी पात्र दहा पावलांचं, दुसरीकडे पसरून पन्नास पावलांचं. दहावाल्या जागेतून कोण जाणार? हात वर करा! निम्मं सभागृह? उत्तर नंतर देतो.

हिमालयातलं एक खोरं, वर हिमनदी, आमच्या चालीचा तिसरा दिवस. नदीशी पोचलो तेव्हा दुपारचे चार वाजले होते. सामान सकाळीच पलीकडे गेलेलं. लीडर म्हणाला, “गुडघाभर पाणी आहे, सकाळी खेचरं पार झालीत.” सकाळचं पाणी तो दुपारी सांगत होता! काठावर एक म्हातारा मेंढपाळ बसला होता. आमच्याकडे बघून त्यानं एक पांढरा गोटा उचलला आणि पाणी जिथं टेकत होतं, बरोबर तिथं ठेवला. बोलला काहीच नाही. आम्ही बुटांच्या नाड्या आवळेपर्यंत गोटा पाण्याखाली गेला होता. पाणी कालवलेल्या सिमेंटसारखं राखाडी. आणि तळाशी दगड गडगडत होते. तो आवाज कानांपेक्षा तळपायांना आधी कळतो. तरी आम्ही उतरलो. माझ्या मित्रानं सॅकचा कंबरपट्टा घट्ट लावला होता. मध्यावर पाय सुटला, सॅकनं त्याला पालथं केलं. गारठलेल्या बोटांनी त्यानं बक्कल कसं सोडवलं, देव जाणे. खाली वाळूच्या पट्ट्यावर, आमच्याच काठाला, तो लागला. सॅक गेली. त्या लीडरवरचा माझा राग अजून गेलेला नाही. आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं की थांबणं हाही एक पर्याय असतो. रात्र अलीकडेच काढली. पहाटे साडेपाचला गेलो, तर पांढरा गोटा पाण्यापासून चार हात दूर, कोरडा. खरोखर गुडघाभर पाण्यातून गेलो.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आलीय, तेव्हा कारणं भरभर सांगतो.

बर्फ उन्हानं वितळतं, म्हणून हिमनदीजवळ पाणी दुपारी ते संध्याकाळी चढतं आणि पहाटे उतरतं. पण ते चढलेलं पाणी खाली यायला वेळ लागतो. तुम्ही हिमनदीपासून लांब असाल तर तीच फुगवटी रात्री पोचेल आणि पहाटेही पाणी चढलेलंच असेल. म्हणजे ‘पहाटे ओलांडा’ हा सरसकट नियम नाही. आदल्या दिवशी काठावर गोटा ठेवून बघायचं.

पावसावर चालणाऱ्या नदीला हे घड्याळ लागू नाही. 12 ऑगस्ट 1997 ला अमेरिकेत अ‍ॅरिझोनातल्या अँटिलोप कॅन्यनमध्ये 11 जण पुरात गेले. पाऊस पडला होता तो वरच्या बाजूला, कित्येक मैलांवर. म्हणून डोक्यावरच्या आभाळाइतकंच वरच्या अंगाचं आभाळ बघा. पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या-पाला वाहून आला, की उंचावर चढा.

आता हात वर केलेल्यांसाठी. तेवढंच पाणी अरुंद जागेतून जायचं तर ते खोल तरी होतं, जोरात तरी वाहतं, बहुधा दोन्ही. वेग दुप्पट झाला की पायांवरचा रेटा चौपट होतो. जिथं नदी पसरून दोन-तीन धारांत फुटते ती जागा घ्या. वळणाची बाहेरची बाजू टाळा, तिथं पात्र खणलेलं असतं. बूट पायात, कंबरपट्टा सुटा, तोंड प्रवाहाकडे, काठी पुढे रोवलेली. वाहून गेलातच तर पाठीवर, पाय खालच्या दिशेला.

दोराबद्दल बोलायचं राहिलं. नकाशे घेऊन मी दाराशी थांबतो, तिथं विचारा.