शमुवेलाचा झगा

(कोल्हापुरात एका ख्रिस्ती मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, महिला मेळाव्यात मातृदिनानिमित्त दिलेले व्याख्यान, थोडे संपादून)

मागं दाराशी उभं राहिलेल्यांनी आत या, पुढची बाकं रिकामी आहेत.

पत्रिकेवर विषय छापलाय, 'मातृत्वाचं मोल : ख्रिस्ती दृष्टी'. त्याकडं मी येतोच. पण आधी एका झग्याबद्दल बोलायचंय.

बायबलमधली शमुवेलाची आई हन्ना, तिची गोष्ट तुम्हाला पाठ आहे. मूल नाही म्हणून सवत पनिन्नाचे टोमणे, शिलोच्या मंदिरात नुसते ओठ हलवत केलेली प्रार्थना, एली याजकाला वाटलं बाई प्यालीय. मुलगा झाला, दूध तोडल्यावर देवाला वाहिला, मंदिरातच ठेवला, इथं आपण पुस्तक मिटतो. १ शमुवेल २:१९ वाचायचं राहूनच जातं. दरवर्षी यज्ञाला जाताना त्याची आई त्याच्यासाठी लहानसा झगा करून न्यायची, असं तिथं लिहिलंय. तुमच्यात शिवणकाम करणाऱ्या किती? हात वर करा. बघा, निम्मा हॉल! मग सांगा, वर्षातून एकदा दिसणाऱ्या पोराचं माप कसं घ्यायचं?

मला ठाऊक आहे, कारण माझे सदरे तसेच शिवले जायचे. आई मी लहान असतानाच गेली. मावशी नर्स, नोकरी मिरजेला. मी इथं कोल्हापुरात बोर्डिंगला. जूनमध्ये एक सदरा, नाताळाला एक. मावशी शेजारच्या माझ्याच वयाच्या पोराला उभं करायची, खांद्याला टेप लावायची आणि म्हणायची, "आमचा जरा हाडानं रुंद आहे." खाली तीन बोटं कापड आत मुडपून टाचायची. मी वाढलो की रात्रपाळीनंतर एसटीनं यायची आणि व्हरांड्यात बसून ती मुडप उसवायची. वरचा सदरा धुऊन धुऊन विटलेला, आतली पट्टी मात्र गर्द निळी. पोरं हसायची त्या पट्टीला. मला ती कधी झाकावीशी वाटली नाही.

हीच मावशी पुढं एका मंडळीत मातृदिनाला बसली होती. "सर्व आयांनी उभं राहावं," अशी सूचना झाली, गुलाब वाटले गेले. मावशीचं लग्न झालेलं नव्हतं. ती बसून राहिली, मांडीवरच्या गीतपुस्तकाची दुमडलेली पानं सरळ करत. तेरा-चौदा वर्षांचा होतो मी. उठून बोलायला हवं होतं, बोललो नाही. ते मला आजही लागतं.

आणि बघा, १९०८ साली अमेरिकेत ग्राफ्टनच्या मेथडिस्ट चर्चमध्ये ज्या ॲना जार्विसनं आईच्या आठवणीसाठी मातृदिनाची ही उपासना ठेवली, पांढरी फुलं पाठवली, तिला स्वतःला मूल नव्हतं.

चिठ्ठी आलीय, पाच मिनिटं उरलीत. मूळ विषय भरभर सांगतो.

आपल्या गावात 'आई' म्हटलं की अंबाबाई आठवते. आपल्या शास्त्रात आई देवी नाही. पण देव स्वतःची माया सांगताना आईचाच दाखला घेतो. यशया ४९:१५ बघा : तान्ह्याला आई एक वेळ विसरेल, मी विसरणार नाही. हिब्रूत 'करुणा' आणि 'गर्भाशय' हे शब्द एकाच धातूचे आहेत. आपला तरुण सहकारी तीमथ्य याचा विश्वास प्रेषित पौल शोधतो तो आजी लोईस आणि आई युनीके यांच्यात. म्हणजे घरातली शिकवण हीच आईची सेवा. आणि योहान १९ मध्ये वधस्तंभावरून येशू आपली आई आपल्या शिष्याच्या हाती सोपवतो, "ही तुझी आई." तिथं रक्ताचं नातं नव्हतं. त्या घटकेपासून तो तिला आपल्या घरी घेऊन गेला. केडगावला पंडिता रमाबाईंची पोटची मुलगी एक, मनोरमा. दुष्काळातून आणून सांभाळलेल्या मुली शेकडो. त्यांची आई कोण, हे त्या मुलींना विचारावं लागलं नसतं.

एवढंच मागणं आहे. पुढच्या मे महिन्यात फुलं आणाल, तेव्हा कुणाला उभं करू नका. टोपली पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत हातोहात फिरू द्या.