कलोडनचे सैनिक आणि त्यांचे धनी

1745 साली स्कॉटलंडात झालेल्या जॅकोबाइट उठावाची, म्हणजे पदच्युत राजा जेम्स दुसरा याच्या वंशाला गादी परत मिळवून देऊ पाहणाऱ्यांच्या बंडाची, हकिगत बहुधा राजपुत्र चार्ल्स एडवर्ड स्टुअर्टच्या आगमनाने सुरू होते आणि त्याच्या पलायनाने संपते. आज मी त्याच्या सैन्याविषयी बोलणार आहे; कारण ते कसे जमले आणि पराभवानंतर शिक्षा कोणाच्या वाट्याला किती आली, हे पाहिल्याशिवाय हा उठाव नेमका कोणाचा होता, हे ठरवता येत नाही.

1688 साली कॅथलिक राजा जेम्स दुसरा याची गादी गेली आणि 1714 मध्ये ब्रिटनचे राज्य हॅनोव्हर घराण्याकडे आले. जेम्सचा नातू असलेल्या चार्ल्सने 19 ऑगस्ट 1745 रोजी ग्लेनफिनन येथे निशाण उभारले, तेव्हा कॅमेरॉन कुळीचा प्रमुख लोकिएल आपली शेकडो माणसे घेऊन आला आणि मगच उठावात जीव आला. डोंगराळ मुलखात जमीन कसणाऱ्याने प्रमुखाच्या हाकेसरशी शस्त्र घेऊन हजर व्हावे, अशी रीत होती. जे येईनात त्यांना घरे जाळण्याच्या आणि गुरे नेण्याच्या धमक्या दिल्या गेल्या. पुढे खटल्यांत अनेक कैद्यांनी ‘आम्हाला जबरदस्तीने नेले’ असे सांगितले. तसे सांगितल्याने जीव वाचण्याची शक्यता होती, हे लक्षात घेऊनच त्या जबान्या वाचल्या पाहिजेत. पण त्या सगळ्याच खोट्या ठरवणे अन्यायाचे होईल.

सरदारांची गोष्ट वेगळी होती. अ‍ॅथॉलच्या घराण्यातला एक भाऊ सरकारमान्य ड्यूक म्हणून हॅनोव्हर घराण्याच्या राजा जॉर्जच्या बाजूला राहिला, थोरला विल्यम चार्ल्सबरोबर आला आणि धाकटा लॉर्ड जॉर्ज मरे बंडखोरांचा सर्वांत कसलेला सेनानी ठरला. वतनासाठी दोन्ही दरबारांत माणूस ठेवणारी देशमुख घराणी आपल्या परिचयाची आहेत. तरी इथे प्रत्येक वेळी तसाच हिशेब होता, असे मी म्हणणार नाही. लॉर्ड लोव्हॅटचा मात्र निश्चितच होता. या वृद्ध उमरावाने आपल्या तरुण मुलाला, सायमन फ्रेझरला, कुळीच्या पथकासह बंडात धाडले आणि सरकारला आपण एकनिष्ठ असल्याचे कळवले.

चार्ल्सचे सैन्य डिसेंबरात इंग्लंडमधील डर्बीपर्यंत गेले. इंग्लंडमधून अपेक्षित पाठिंबा मिळाला नाही, फ्रेंच फौज उतरली नाही, म्हणून सेनानींनी चार्ल्सच्या मनाविरुद्ध माघारीचा निर्णय घेतला. 16 एप्रिल 1746 रोजी कलोडनच्या माळावर, आदल्या रात्रीच्या फसलेल्या कूचीने थकलेले आणि उपाशी असलेले हे सैन्य तासाभराच्या आत मोडले.

त्यानंतर सुमारे 3,400 माणसे कैदेत पडली आणि तिथे दर्जाप्रमाणे वाटा वेगळ्या झाल्या. फ्रान्सच्या राजाची लष्करी नेमणुकीची सनद असलेल्यांना बहुतांशी युद्धकैदी मानले गेले. किल्मार्नॉक आणि बाल्मेरिनो या उमरावांचा न्याय उमरावांच्याच सभागृहाने केला आणि ऑगस्टमध्ये लंडनच्या टॉवर हिलवर त्यांचा शिरच्छेद झाला. चार्ल्सच्या बाजूने लढलेल्या मँचेस्टर पलटणीचा कर्नल टाउनली याला मात्र फाशीच मिळाली. सामान्य शिपायांत चिठ्ठ्या टाकल्या गेल्या. साधारण वीसांतला एक खटल्यासाठी निवडला जाई आणि उरलेल्यांतील शेकडो जणांना अमेरिकेतील आणि वेस्ट इंडीजमधील वसाहतींत मजुरीसाठी पाठवण्यात आले. एखाद्याने स्वखुशीने तलवार घेतली होती की त्याच्या छपराला आग लावण्याची धमकी मिळाली होती, याची चौकशी त्या चिठ्ठीत बसणारी नव्हती.

पुढे संसदेने जमिनीच्या बदल्यात लष्करी चाकरी मागण्याची पद्धत रद्द केली. वंशपरंपरागत न्यायाधिकारही काढून घेतले, मात्र एकनिष्ठ राहिलेल्या सरदारांना त्यांची भरपाई मिळाली. एकट्या आर्गाइलच्या ड्यूकला 21,000 पौंड देण्यात आले. लोव्हॅटचा 9 एप्रिल 1747 रोजी शिरच्छेद झाला. त्याच्या मुलाला माफी मिळाली, आणि 1757 साली त्याने हॅनोव्हरच्याच राजासाठी डोंगराळ मुलखातून पलटण उभी केली, जी दोन वर्षांनी क्वेबेकला लढली. वडिलांची जप्त झालेली जहागीर त्याला 1774 मध्ये परत मिळाली.