ला बोबेरा: आंतिओकियाच्या डोंगरातलं विसरणं

(दृश्य: डोंगरउतारावरचं गाव. चढाचे अरुंद रस्ते, चर्चचा मनोरा, सकाळचं धुकं.)

आपल्याकडे घरातलं म्हातारं माणूस एकच प्रश्न तिसऱ्यांदा विचारायला लागलं, की कुणीतरी हसत म्हणतं, "साठी बुद्धी नाठी." विषय तिथंच संपतो. वय झालं, दुसरं काय! पण साठीला अजून पंधरा वर्षं असतानाच हे सुरू झालं, तर त्या म्हणीचं काय करायचं?

हे कोलंबियातलं यारुमाल. आंतिओकिया प्रांतातलं डोंगरी गाव. इथं आणि आसपासच्या गावांत काही घराण्यांमध्ये चाळिशी उलटलेली माणसं पिढ्यान्‌पिढ्या विसरायला लागतात. आधी शब्द, मग वाट, मग पोटची पोरं. लोकांनी त्याला नाव दिलं 'ला बोबेरा'. बोबो म्हणजे खुळा, बोबेरा म्हणजे खुळेपण. आपल्या 'म्हातारचळा'ची आठवण करून देणारा शब्द, फक्त यातली माणसं म्हातारी नव्हती. कुणी म्हणे करणी केली, कुणी म्हणे एका झाडाला हात लागला, कुणी म्हणे पाद्र्याचा शाप. होता तो अल्झायमर, स्मृती खाणारा आजार, फक्त फार लवकर येणारा.

(दृश्य: चर्चमधली जुनी नोंदवही, पिवळी पानं.)

१९८४ मध्ये मेदेयिन शहरात फ्रान्सिस्को लोपेरा नावाच्या तरुण मेंदूविकारतज्ज्ञाकडे असाच एक रुग्ण आला. वय पन्नाशीच्या आत. घरच्यांनी सांगितलं, बापाचं असंच झालं, आजोबांचंही. लोपेरा स्वतः याच प्रांतातले. त्यांनी नुसतं औषध लिहून दिलं नाही, ते त्या घरी गेले. मग दुसऱ्या घरी. बाप्तिस्म्याच्या, लग्नाच्या, मृत्यूच्या नोंदी उकरत वंशावळी जुळवत गेले. काळ भलता होता. डोंगरात बंडखोरांच्या टोळ्या, शहरात अमली पदार्थांचे सुभेदार. रक्ताचे नमुने गोळा करणाऱ्या त्यांच्या परिचारिकेला एकदा बंडखोरांनी पळवून नेलं, काही दिवसांनी सोडलं. काम थांबलं नाही. वंशावळीत पुढं सुमारे सहा हजार माणसं जमली.

१९९५ मध्ये दोष सापडला. चौदाव्या गुणसूत्रावर प्रेसेनिलिन-१ नावाचं जनुक आहे. ते जे प्रथिन बनवतं ते एका रेणूच्या कात्रीचं पातं असतं. मेंदूतलं एक लांब प्रथिन ही कात्री कापते. या घराण्यात त्या पात्यातलं २८०वं अमिनो आम्ल बदललेलं आहे. फक्त एक. तेवढ्यानं कात्रीचा नेम चुकतो आणि जास्त चिकट तुकडे पडतात. ते साठून गोळे होतात. त्यालाच आपण अमायलॉइड म्हणतो.

आईबापांपैकी एकाकडे हा दोष असला, की प्रत्येक मुलाच्या वाट्याला छापा-काटा. सुमारे बाराशे जणांचा काटा पडला. त्यांचं वेळापत्रकही जवळजवळ ठरलेलं आहे: साधारण चव्वेचाळिसाव्या वर्षी विसरणं नजरेत भरतं, एकोणपन्नासाव्या वर्षी स्मृतिभ्रंश.

हे भयंकर आहे. आणि संशोधकांसाठी, हे बोलायला जड जातं पण खरं आहे, ती मोठी संधीही होती. कारण एरवी निरोगी माणसाकडे बघून सहसा सांगता येत नाही, की याला पुढं अल्झायमर होणार. इथं येत होतं.

(दृश्य: पेट स्कॅनचं यंत्र. पडद्यावर मेंदूचा आडवा छेद, निळ्यातून लालाकडे जाणारे रंग.)

मेंदूतलं अमायलॉइड पूर्वी खात्रीनं दिसायचं ते शवविच्छेदनात. २००४ मध्ये अमेरिकेतल्या पिट्सबर्ग आणि स्वीडनमधल्या उप्साला इथल्या संशोधकांनी जिवंत माणसात ते दाखवलं. अमायलॉइडला चिकटणारं एक किरणोत्सारी द्रव्य शिरेतून द्यायचं आणि ते कुठं साठतं ते बघायचं. या घराण्यातल्या धडधाकट तरुणांचे असे स्कॅन झाले, तेव्हा कळलं की डाग साधारण अठ्ठावीसाव्या वर्षापासून धरायला लागतात. लग्नं होतात, मुलं होतात त्या वयात. विसरण्याच्या सोळा वर्षं आधी.

त्याच्याही बाजूला आणखी एक गोष्ट दिसली. नवी माहिती शिकताना दोषवाहक तरुणांचा हिप्पोकॅम्पस, म्हणजे आठवणी घडवणारा भाग, इतरांपेक्षा जास्त राबत होता. उत्तरं बरोबर येत होती, पण त्यासाठी मेंदू जास्त घाम गाळत होता. हे काम याकील किरोझ यांचं. त्याही मूळच्या कोलंबियाच्या, लोपेरांच्या हाताखाली शिकलेल्या, पुढं बॉस्टनला गेलेल्या.

इथपर्यंत गोष्ट सरळ होती. जनुक बिघडलं, डाग पडले, स्मृती गेली. मग एक बाई आल्या.

(दृश्य: दोन स्कॅन शेजारी शेजारी. एक गडद लाल, दुसरा जवळजवळ थंड.)

बाई याच घराण्यातल्या. दोष त्यांच्यातही होता. चव्वेचाळीस आलं, गेलं. पन्नास, साठ. बाई ठीक. सत्तरीत पोचल्यावर कुठं थोडं विसरणं सुरू झालं, म्हणजे ठरल्या वेळेपेक्षा जवळपास तीस वर्षं उशिरा. बॉस्टनला त्यांचे स्कॅन झाले. संशोधकांना वाटलं असेल, मेंदू स्वच्छ असणार. उलट निघालं. अमायलॉइड अतोनात, तरुणपणीच आजारी पडलेल्या नातलगांपेक्षाही जास्त.

मग त्या टिकल्या कशा? उत्तर दुसऱ्या स्कॅनमध्ये होतं. अल्झायमरमध्ये पेशींच्या आत टाऊ नावाच्या प्रथिनाच्या गुंतवळी होतात. त्या बाईंच्या मेंदूत टाऊ कमी होता. मला या सगळ्या कहाणीत हेच चित्र सर्वात महत्त्वाचं वाटतं. आपण ज्या लाल डागांकडे बोट दाखवत होतो ते होते तिथंच होते, आणि बाईंची स्मृतीही होती तिथंच होती.

जनुकं तपासल्यावर आणखी एक बदल सापडला, अपोई या जनुकात, आईकडून एक आणि बापाकडून एक अशा दोन्ही प्रतींवर. न्यूझीलंडमधल्या शहराच्या नावावरून त्याला क्राइस्टचर्च म्हणतात. २०१९ मध्ये हे प्रसिद्ध झालं. बाई २०२० मध्ये कर्करोगानं गेल्या आणि मेंदू दान झाला. एकच प्रत असलेले सत्तावीस नातलग पुढं सापडले. २०२४ च्या अहवालानुसार त्यांचं विसरणं सुमारे पाच वर्षं लांबलं होतं. पाच वर्षं म्हणजे एका मुलाचं कॉलेज.

अपोई हे नाव ओळखीचं वाटत असेल, कारण आपल्यातल्या अनेकांचा संबंध त्याच्याशीच येतो. त्याचा ई-४ हा प्रकार उतारवयातल्या अल्झायमरचा धोका वाढवतो. पण धोका म्हणजे निकाल नव्हे. ई-४ असूनही नव्वदीत शब्दकोडी सोडवणारे आहेत, आणि नसूनही आजारी पडणारे आहेत. लाळ तपासून आलेला जनुकांचा अहवाल यारुमालच्या वेळापत्रकासारखा वाचू नये. ते वेळापत्रक जगात फार थोड्या घराण्यांच्या नशिबी आहे.

(दृश्य: दवाखान्याची ओसरी, बाकावर बसलेली माणसं.)

२०१३ मध्ये याच घराण्यात औषधाची चाचणी सुरू झाली. विसरण्याआधीच अमायलॉइडवर घाव घालायचा, असा बेत. २५२ जणांनी भाग घेतला. त्यात दोष नसलेलेही मुद्दाम घेतले होते, त्यांना खोटं औषध देत होते. का? तर दवाखान्यात जाताना दिसला म्हणून गावानं ओळखू नये, की याचा काटा पडलाय. जून २०२२ मध्ये निकाल आला: औषधाचा ठोस फायदा दिसला नाही. लोपेरांचं २०२४ मध्ये निधन झालं.

(दृश्य: टेबल, दोन खुर्च्या, कागदांचा गठ्ठा. आवाज हळू.)

या अभ्यासातल्या चाचण्यांपैकी एक अगदी साधी आहे. यंत्र नाही, सुई नाही. दहा शब्द वाचून दाखवतात. थोड्या वेळानं विचारतात, कुठले आठवतात? समोर तिशीतलं कुणीतरी बसलेलं असतं. विचारणाऱ्याला माहीत नसतं, याच्याकडे दोष आहे की नाही. सांगणाऱ्यालाही बहुधा माहीत नसतं. सात शब्द येतात. आठवा ओठांवर अडतो. दोघंही थांबतात.