पोटदुखीचा हिशेब

नमस्कार श्रोतेहो.

रात्री दोन वाजता पोट धरून आलेल्या पेशंटला कॅज्युअल्टीत पहिल्यांदा बघतो तो बहुधा तिथला सगळ्यात नवखा डॉक्टर. हे अपेंडिक्स आहे, मुतखडा आहे, की नुसताच गॅस, याचा पहिला अंदाज त्यालाच बांधायचा असतो. थांबावं तर अपेंडिक्स फुटायची भीती, आणि घाईनं पोट उघडावं तर कधीकधी आत धडधाकट अपेंडिक्स निघतं. सोनोग्राफी आणि सीटी स्कॅन नव्हते तेव्हा हा पेच रोजचाच होता.

इंग्लंडमधल्या लीड्स शहरात टिम डी डोंबल नावाच्या सर्जननं आपलं संशोधन याच पेचाला वाहिलं. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधी जुन्या पेशंटच्या नोंदी जमवल्या. दुखणं कुठे सुरू झालं, मग कुठे सरकलं, उलटी झाली का, खावंसं वाटतं का, पोट दाबून हात पटकन सोडला की कळ येते का, आणि शेवटी आजार काय निघाला, असं सगळं. मग विद्यापीठातल्या खोलीभर पसरलेल्या संगणकाला हिशेब शिकवला: अमुक लक्षण अपेंडिक्सच्या किती पेशंटमध्ये होतं, पित्ताशयाच्या सुजेत किती जणांना, अल्सर फुटलेल्या किती जणांना. नवा पेशंट आला की त्याची लक्षणं या आकड्यांशी ताडून कोणता आजार किती संभवतो ते यंत्र सांगायचं.

1972 साली 304 पेशंटवर त्यांनी हे पडताळलं. संगणकाचं निदान 91.8 टक्के वेळा बरोबर आलं, त्याच पेशंटना तपासणाऱ्या सगळ्यात वरिष्ठ डॉक्टरांचं 79.6 टक्के. हल्ली 'एआयनं डॉक्टरांना मागे टाकलं' अशी बातमी आली की मला हे साल आठवतं.

याच्याच जोडीला त्यांनी आणखी एक गंमतशीर प्रयोग केला. खऱ्या नोंदींऐवजी डॉक्टरांचे अंदाज यंत्राला खाऊ घातले. म्हणजे, अपेंडिक्सच्या शंभरातल्या किती जणांना उलटी होते असं डॉक्टरांनाच विचारायचं आणि ते सांगतील तो आकडा धरायचा. यंत्राची अचूकता 82 टक्क्यांच्या आसपास घसरली. अनुभवावर आम्हा डॉक्टरांचा फार भरवसा असतो, पण त्या अनुभवातले आकडे विचारले की आमची पंचाईत होते.

त्यांच्या कामातली मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट मात्र दोन वर्षांनी, 1974 साली छापून आली. अभ्यास चालू होता तेवढ्या काळात डॉक्टरच सुधारले होते! ऑपरेशनआधीच फुटलेल्या अपेंडिक्सचं प्रमाण 36 टक्क्यांवरून 4 टक्क्यांवर आलं, विनाकारण पोट उघडणंही बरंच कमी झालं. अभ्यास संपला आणि गाडी पुन्हा उलट दिशेनं निघाली. डॉक्टर सुधारले त्याचं कारण असं: यंत्राला माहिती द्यायची म्हणून त्यांना प्रत्येक पेशंटला ठरलेले सगळे प्रश्न विचारावे लागत, पोट नीट तपासावं लागत होतं, आणि आपलं निदान चुकलं की बरोबर आलं ते लगेच कळत होतं. डी डोंबल यांनी स्वतःच हे मोकळेपणानं लिहिलं. आपल्याच यंत्राचं थोडं श्रेय कागदावरच्या प्रश्नांना देणं सोपं नसतं.

पुढे ब्रिटनमधल्या 8 ठिकाणी 16,737 पेशंटवर याच पद्धतीचा मोठा अभ्यास झाला, तो 1986 साली प्रसिद्ध झाला. तिथेही डॉक्टरांच्या पहिल्या निदानाची अचूकता 45.6 वरून 65.3 टक्क्यांवर गेली.

त्याच 1986 साली अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या एका हॉस्पिटलमधले सर्जन अल्फ्रेडो अल्वाराडो यांनी संगणकच बाजूला ठेवला. 305 पेशंटच्या नोंदींवरून त्यांनी आठ गोष्टी निवडल्या आणि एकूण दहा गुण ठरवले. उजवीकडे खाली दाबल्यावर दुखतं, याला दोन. रक्तातल्या पांढऱ्या पेशी वाढल्या, याला दोन. बाकीच्या सहांना एकेक: दुखणं सरकणं, भूक नसणं, मळमळ किंवा उलटी, हात सोडल्यावर कळ, ताप, आणि पांढऱ्या पेशींमध्ये न्यूट्रोफिल नावाच्या प्रकाराचं प्रमाण वाढणं. बोटांवर मोजता येईल असा हिशेब! आपल्याकडे एमबीबीएसच्या मुलांना हा स्कोअर पाठ असतो. गुण अगदी कमी आले तर अपेंडिक्सची शक्यता बरीच मावळते. जास्त आले म्हणून मात्र निदान पक्कं होत नाही. विशेषतः बायकांमध्ये हा स्कोअर उगाच जास्त घाबरवतो, कारण बीजकोशाचं दुखणंही त्याच जागी असतं. तिथे सोनोग्राफी हवीच.

तेव्हा घरात कुणाचं बेंबीभोवती दुखायला लागलं आणि काही तासांत ते उजवीकडे खाली सरकलं, तर डॉक्टरांकडे न्यायला उशीर करू नका. एरंडेल किंवा जुलाबाचं काहीही देऊ नका. जाताना वाटेत आठवून ठेवा: आधी दुखलं की आधी उलटी झाली? शेवटचं कधी खाल्लं? गोळी घेतली असेल तर कोणती, किती वाजता? डॉक्टर हेच विचारतील. नाही विचारलं, तर तुम्ही सांगा.