क्रिएटिनिन बघता, धमनीचं काय?

हा एक्सरे बघा, मनगटाचा आहे. हाडं दिसणारच, पण हाडाच्या कडेने वर गेलेली ती पांढरी नागमोडी रेघ दिसतेय ना, ती धमनी आहे. साध्या एक्सरेत धमनी अशी दिसत नसते, इथे दिसतेय कारण तिच्या भिंतीत कॅल्शियम बसलंय, आणि डायलिसिसवरच्या पेशंटमध्ये हे डॉक्टरांना काही नवीन नाही.

आपल्याकडे किडनी म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, क्रिएटिनिन (किडनीचं काम मंदावलं की रक्तात वाढणारा टाकाऊ पदार्थ) किती आलं? १.८ चं २.१ झालं की घरभर टेन्शन. ते बघायचंच हो, पण बरेच पेशंट डायलिसिसची वेळ यायच्या आधीच हार्टने जातात, त्याकडे कुणाचं लक्ष नसतं.

होतं काय, किडनी कमजोर झाली की फॉस्फरस नीट बाहेर पडत नाही, मग हाडांतून एफजीएफ-२३ नावाचं हार्मोन जास्त सुटायला लागतं आणि ते उरलीसुरली किडनी दामटून फॉस्फरस बाहेर काढायला लावतं. त्यामुळे रिपोर्टात फॉस्फरस ४.५ च्या आत, सगळं ओके, आणि एफजीएफ-२३ मात्र केव्हाच चढलेलं. ही टेस्ट रुटीनमध्ये करत नाहीत.

या हार्मोनला जोडीदार लागतो, क्लोथो नावाचं प्रोटीन. १९९७ मध्ये जपानच्या माकोतो कुरो-ओ यांच्या टीमने दाखवलं की ज्या उंदरांत त्याचं जीन बिघडलंय ते लवकर म्हातारे होतात, त्यांच्या धमन्यांत कॅल्शियम साठतं. किडनी बिघडली की माणसातही क्लोथो घटतं.

मग हार्मोन चढूनही काम भागत नाही आणि पुढे फॉस्फरस वाढतोच. आणि मग धमनीच्या भिंतीतल्या स्नायूपेशी चक्क हाडाच्या पेशींसारख्या वागायला लागतात, म्हणजे कॅल्शियम नळातल्या क्षारासारखं आपोआप चिकटतं असं नाही, पेशीच ते बसवून घेतात! भिंत कडक झाली की वरचं बीपी चढतं, खालचं उतरतं, १७० बाय ६० असं काहीतरी, आणि हार्टला दर ठोक्याला जास्त जोर लावावा लागतो.

बसलेलं कॅल्शियम काढून टाकेल असं खात्रीचं औषध अजून नाही. म्हणून फॉस्फरस आवरायचा, पण गंमत म्हणजे त्यासाठी घरी डाळीवर बंदी येते आणि कोला चालू राहतो. डाळीतला बराचसा फॉस्फरस फायटेट नावाच्या पदार्थात अडकलेला, तो सगळा अंगी लागत नाही, तयार खाण्यापिण्यात वरून घातलेला मात्र जवळजवळ पूर्ण शोषला जातो. कोलाच्या बाटलीवर बारीक अक्षरात ३३८ लिहिलेलं असतं, ते फॉस्फोरिक अ‍ॅसिड.