आधी तास, मग वास्तू

नमस्कार मंडळी. संयोजकांनी विषय दिलाय ‘नर्तकी ते नृत्यशाळा’. त्यातला नर्तकीचा भाग पटकन संपवते. नाशिकच्या गंगापूर रोडला बाईंकडे कथक शिकले, परीक्षा देत देत विशारद झाले, मग काही वर्षं एकल कार्यक्रम केले. तबला, हार्मोनियम, सारंगी यांची मानधनं, प्रवास, पोशाख हे सगळं भागवून नाचणारीच्या हाती काय उरतं, ते इथे बसलेल्या कलाकारांना विचारा. हसू नका, खरंच विचारा.

शाळा काढते म्हटल्यावर जो तो विचारायचा, ‘जागा कुठे घेतलीस?’ मला तेव्हा शास्त्रीय गायक पलुसकर आठवायचे. विष्णु दिगंबरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, ते कुठल्या दरबाराच्या जिवावर नव्हे, लोकांच्या पाठबळावर. पुढे मुंबईत मोठी इमारत उभारली, कर्ज डोईजड झालं आणि ती इमारत लिलावात गेली. उत्तरायुष्यात ते आपल्याच पंचवटीत राहिले. १९३१ साली ते गेले, त्याच वर्षी शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं आणि आज गावोगावची मुलं त्याच मंडळाच्या परीक्षा देतात. इमारत गेली, शिकवणं राहिलं. मी त्यातून माझ्यापुरता अर्थ काढला की बांधकामाच्या वाटेला जायचं नाही.

म्हणून सातपूरच्या कामगार वस्तीतलं समाजमंदिर धरलं. लग्नं, बारशी, दहावे नसतील तेव्हा ते आमचं! तिथे अडचण होती फरशीची. ‘ता थेई थेई तत्’ अनवाणी पायांनी तासभर आपटायचं, तेही सिमेंटवर, म्हणजे पोरींच्या टाचा आणि नडग्या कामातून जाणार. खालून थोडी पोकळी असलेली लाकडी जमीन हवी. आमच्या एका विद्यार्थिनीचे वडील सुतार. कारखान्यात यंत्रं ज्या खोक्यांतून येतात, त्यांच्या फळ्या भंगारवाल्याकडे मिळतात, हे त्यांना माहीत. खाली पट्ट्या, वर फळ्या, त्यावर प्लायवूड, असे उचलून ठेवता येणारे पाट त्यांनी करून दिले. लग्न असलं की पाट भिंतीला उभे.

खरा घोळ वेळापत्रकाचा. शहरातले क्लास संध्याकाळी असतात. इथे आई फर्स्ट शिफ्टला, बाबा सेकंड शिफ्टला, मग मुलीला आणणार-सोडणार कोण? शेवटी तास शिफ्टवर बेतले, शाळेच्या घंटेवर नाही. त्याचा एक फायदा ध्यानीमनी नव्हता: पोरींना सोडायला आलेल्या बायकाच पदर खोचून मागे उभ्या राहायला लागल्या. त्यांना परीक्षा नको, घुंगरू हवेत. घुंगरू मिळतात, पण हाताने टाळी देत तीनतालाच्या सोळा मात्रा चुकल्याशिवाय म्हणून दाखवल्यावरच. त्यात सूट नाही. वस्तीतला वर्ग म्हणून थोडं सोपं शिकवा, असं सुचवणाऱ्यांचा मला राग येतो.

ढोलपथकातली दोन-चार मुलंही येतात. तिहाई समजवायला मला इतरांच्या बाबतीत कितीतरी वेळ लागतो. या पोरांना ती अंगातूनच कळते. एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर यायचं, एवढंच ना ताई? हो बाबा, एवढंच. ‘थाट’ धरून स्थिर उभं राहायला मात्र त्यांना अजून जमत नाही.

फी आहे, थोडी आहे, पण आहे. फुकट ठेवलं की पहिल्या पाहुण्याला तास बुडतो. तो सगळा पैसा तबलजींना जातो. मोबाईलवर लेहरा, म्हणजे तालाच्या आवर्तनाची फिरती धून, लावता येतो, हे मलाही माहीत आहे, पण मोबाईल कुणाच्या चुकलेल्या पायाकडे बघून ठेका सांभाळून घेत नाही.

मध्यंतरी एका नगरसेवकांनी सुचवलं, ‘ताई, भूखंडासाठी अर्ज करा, भवन उभारू.’ मी म्हटलं, भवन राहू द्या. समाजमंदिराची किल्ली दुपारीही आमच्याकडे राहील, एवढं पत्र तेवढं मिळवून द्या. सेकंड शिफ्टला जाणाऱ्या बायका साडेतीनच्या आत मोकळ्या व्हायला हव्यात.